बोरदऱ्याचं नाक

रविवारी सकाळी मंदाकिनीबाईंचा फोन आला तेव्हा ऋजुता परीक्षेचे पेपर तपासत बसली होती. आई फोनवर आधी चेहरा दाखवत नसे, आधी रोपं दाखवी. पडद्यावर कोबीच्या रोपांचे ट्रे आले, मग फ्लॉवरचे, मग शेडनेटचं छप्पर, आणि शेवटी एक अंगठा.

“दिसतायत का?”

“रोपं दिसतायत. तू नाही दिसत.”

“मला काय बघायचंय? मी काय आता नव्यानं उगवलीये?”

बोरदऱ्यातला निम्मा कोबी मंदाकिनीबाईंच्या रोपवाटिकेतून शेतात जाई. नवरा वारल्यावर त्यांनी ती एकटीनं वाढवली होती आणि स्वभावही तिच्याबरोबर वाढवला होता. गाव त्यांना मंदाकाकू म्हणे आणि त्यांच्या जिभेला वचकून असे.

“उद्या बियांना गरम पाण्याची अंघोळ घालायचीये,” त्या म्हणाल्या. “जास्त तापलं की बी मरतं, कमी तापलं की रोग वाचतो. चुलीची धग आवरत नाही, म्हणून आपला घरातला गॅस बरा.”

“आणि तू जेवतेस का नीट?”

“जेवते. चव कशालाच नाही हल्ली. सर्दी हटत नाहीये. अगं, गंमत ऐक. बबनतात्याच्या सुनेची परवा डाळ करपली. मीही होते पंगतीला. सगळ्यांनी ओरपली, एकानं तोंड वाकडं केलं नाही. पातेलं घासायला काढलं तेव्हा कळलं, तळ कोळसा झालेला. इतकं संस्कारी घर मी उभ्या जन्मात पाहिलं नाही.”

दोघी खूप हसल्या. फोनमधून रंग येतो, आवाज येतो. वास अजून येत नाही. आई तिकडे कुठल्या हवेत उभी राहून हसते आहे, ते कोल्हापुरात बसलेल्या मुलीला कळायला काहीच मार्ग नव्हता.

“ठेवते. पाणी आलं वाटतं.” फोन बंद झाला.

सोमवारी उजाडता उजाडता मंदाकिनीबाईंनी पाणी तापवायला लायटर दाबला. सिलिंडरची नळी रात्रभर गळत होती. खिडक्या बंद होत्या. भडक्याचा आवाज शिवारापलीकडे ऐकू गेला असं लोक नंतर सांगत.

*

या गोष्टीची सुरुवात एका पतंगापासून करायला हवी.

नखाएवढा करडा पतंग. पंख मिटून बसला की पाठीवर चौकोनी ठिपक्यांची नक्षी दिसते. त्याच्या अळ्या कोबीचं पान खालून खरवडून जाळी करतात. जगातलं बहुतेक प्रत्येक औषध या किड्यानं पचवलं होतं. नवी बाटली आली की दोन-तीन हंगाम तो मरे, मग त्याची पोरं तिच्यावर पोसल्यासारखी वाढत. बोरदऱ्यात एके काळी दर चार दिवसांआड फवारणी चाले. बबनतात्यांचा धाकटा भाऊ, ज्ञानोबा, पाठीवर पंप असतानाच बांधावर कोसळला आणि दवाखान्याच्या वाटेवर संपला.

पतंगाला कोबी सापडतो तो वासावर. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी ही सगळी एका कुळातली भावंडं. पान चावलं की एरवी पेशींत वेगवेगळे ठेवलेले दोन पदार्थ एकमेकांत मिसळतात आणि झणका उठतो. मोहरी वाटताना डोळ्यांत पाणी येतं, तोच हा झणका. झाडाचा तो बचाव आहे, इतर किडे त्यानं पळतात. या पतंगाला मात्र ते जेवणाचं आमंत्रण वाटतं. म्हणून जुने लोक कोबीत अधूनमधून मोहरीच्या ओळी लावत. तिचा झणका मोठा, पतंग तिकडे जाई, कोबी वाचे.

मग ‘अगंध’ नावाचं नवं औषध आलं. ते शोधणाऱ्या शास्त्रज्ञांची अक्कल अशी, की त्यांनी पतंगाला मारायचा नाद सोडला आणि त्याचं नाकच बंद केलं. पतंगाचं नाक म्हणजे त्याच्या मिशा. त्या मिशांवरच्या गंध ओळखणाऱ्या जागांत चपखल बसेल असा एक रेणू त्यांनी घडवला. कुलपात चुकीची किल्ली मोडून ठेवावी तसा. मग पतंग कोबीवरून उडत जाई आणि त्याला खाली माळरान वाटे. माणसाच्या नाकातली कुलपं वेगळी, तिथे हा रेणू बसत नाही, हेही त्यांनी तपासलं होतं आणि ते खरं होतं.

बांधाबांधावर खांब उभे राहिले. सकाळ-संध्याकाळ त्यांच्या तोंडून पांढरं धुकं निघे आणि वाफ्यांवर उतरे. अगंध विकणाऱ्या कंपनीनं मोहरीच्या ओळी उपटायला लावल्या, कारण मोठा झणका धुक्यालाही आवरत नसे. विषाच्या बाटल्या गावातून गेल्या. पान जाळी नसलेलं, गड्डा घट्ट, आणि परदेशी व्यापारी दारात. बोरदऱ्यानं कंपनीच्या अभियंत्याची, पारितोष चिटणीसची, हारतुरे घालून मिरवणूक काढली. तो गावातच खोली घेऊन राहिला. मंदाकाकूंकडे जेवायला येई आणि त्यांचे टोमणे झेलत भाकरी खाई.

एक गोष्ट मात्र फारशी तपासली गेली नाही. धुकं पानाला चिकटून राहावं म्हणून तो रेणू जस्ताच्या क्षाराच्या अतिसूक्ष्म कणांवर बसवला होता. रेणू निरुपद्रवी होता. कणांचं काय होतं, ते प्रयोगशाळेत काही आठवडे पाहिलं गेलं. बोरदऱ्यानं ते सलग तीन हंगाम श्वासातून आत घेतले.

*

ऋजुता गावाच्या फाट्यावर बसमधून उतरली आणि तिला ओकारी आली.

वास भिंतीसारखा समोर उभा होता. कुजलेला, गोडसर, गंधकाचा. तिनं पदर नाकाला लावला. न्यायला आलेल्या बबनतात्यांना वाटलं, रडतेय. त्यांनी पाठीवर हात ठेवला. “रड पोरी. मोकळी हो.”

घरापुढं माणसं बसली होती. बायका येऊन गळ्यात पडत. कुणी नाक मुरडलं नाही, कुणी “कसला घाण वास सुटलाय” म्हटलं नाही. दुःखात असलेल्या माणसाला आपलीच शुद्ध ठिकाणावर नसल्याची शंका येते. ऋजुता कॉलेजात व्याकरण शिकवी. कमी बोलायची, आवाज चढवायची नाही, आणि लोक त्याला शहाणपण म्हणत. तिनं पदर नाकावर तसाच दाबून धरला.

ओसरीवर कुणीतरी हळू म्हणालं, “एवढा गॅस कोंडला, अन् वास कसा आला नसंल?”

“वय झालं होतं. विसराळू झाली होती हल्ली.”

“हो ना. परवा आमटीत दोनदा हिंग घातला.”

ऋजुतानं मान खाली घातली. आईला गावातल्या प्रत्येक ओळखीच्या माणसाचं लग्न, भांडण आणि त्यातली चूक कुणाची हे तोंडपाठ होतं. ती विसराळू?

राख सावडून झाल्यावर ती बांधाबांधानं वासाच्या मागावर निघाली. फार जावं लागलं नाही. बबनतात्यांचंच शेत. दुरून कोबी उभा दिसत होता. जवळ गेल्यावर कळलं, पानांच्या कडांना पिवळे त्रिकोणी चट्टे, टोक आतल्या बाजूला, शिरा काळ्या पडलेल्या. गड्डे आतून विरघळून चिखल झाले होते. तात्या मधोमध उभे राहून, चष्मा कपाळावर सरकवून, एक पान डोळ्यांजवळ धरून न्याहाळत होते.

“घाण्या लागलाय की काय, असं वाटतंय,” ते म्हणाले.

“वाटतंय?”

“बघतोय ना नीट. कडा पिवळ्या दिसत्यात खऱ्या. दोन पोरांना विचारलं, त्यांना पण नक्की सांगता येईना.”

ऋजुतानं नाकाचा पदर काढला. घाण्या! आजोबा-पणजोबांनी या रोगाला पानावरून नाव दिलं नव्हतं, शिरेवरून दिलं नव्हतं. नाकावरून दिलं होतं. घाण्या लागला की रस्त्यानं जाणारा परका माणूससुद्धा सांगे. आणि ज्यांचा जन्म कोबीत गेला ते तात्या या नरकाच्या मधोमध उभे राहून चष्म्यातून रोग शोधत होते.

“तात्या, इथं वास कसला येतोय?”

तात्यांनी हवा हुंगली. घटकाभर विचार केला. “शेणाचा. दुसरा कसला?”

खांबानं संध्याकाळचं धुकं सोडलं. ते पानांवर उतरलं, कडांवर थेंब साचले. या रोगाचे जंतू अशाच ओल्या कडांतून आत शिरतात. ज्या धुक्यानं पतंग घालवला, त्यानंच घाण्याला दार उघडलं होतं. आणि त्याच धुक्यानं घरात काय केलं होतं, ते ऋजुताला तिथंच उभ्या उभ्या लख्ख दिसलं. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एक गंधकी द्रव्य मुद्दाम मिसळतात, आणि त्याचा वास कसा, हे जगभर एकाच उपमेनं सांगतात: सडक्या कोबीसारखा.

*

ती हिंगाची डबी घेऊन घरोघरी गेली. “डोळे मिटा. ही कशाची डबी?”

पुरुषांनी ठोकून दिलं. वेलदोडा. तपकीर. एकानं तर ठासून सांगितलं, “चंदन!” सर्दी आहे, धूळ आहे, हवा बदलली आहे. न येणारा वास येतो म्हणून सांगण्यात गावानं एवढी हुशारी खर्च केली होती की पाहणाऱ्याला हसू यावं. ऋजुताला आलं नाही. तिला संताप येत होता, आणि संतापाची तिला सवय नव्हती.

पहिल्यांदा खरं बोलली ती बबनतात्यांची सून, वैशाली. तिनं डबी हातात घेतली, हुंगली, परत दिली. मग मांडीवरच्या मुलीकडे बघत म्हणाली, “ताई, हिनं शी केलेली मला कळत नाही. दर घडीला उघडून बघावं लागतं. आणि जावळाचा वास असतो ना बाळाच्या? मोठीच्या डोक्याला यायचा. हिच्या कधी आलाच नाही. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. दूध कमी पडत असेल, माया कमी पडत असेल.”

त्या दिवशी ऋजुतानं खांबाच्या टाकीवरचे घटक वाचले, जस्त नाकातल्या गंधपेशी मारतं हे शोधून काढलं आणि चौकशीसाठी अर्ज केला. कंपनीचा निष्कर्ष त्याआधीच आला होता: मृत महिलेच्या दुर्लक्षामुळे घरगुती अपघात.

बबनतात्या तणतणत आले. “ऋजू, हिंगाची डबी घेऊन कुणाकुणाकडं गेलीस?”

“सगळ्यांकडे.”

“व्यापाऱ्याच्या कानावर गेलं म्हंजे? गावाचं नाक कापायला निघालीस?”

“कापायला उरलंय कुठं, तात्या?”

तात्या एकदम बसले. आईच्या चितेला अग्नी देताना याच माणसानं तिच्या हाताला हात लावला होता. ते बोलले तेव्हा आवाजात राग नव्हता. “ज्ञानोबाच्या तोंडातून फेस येत होता. माझ्या मांडीवर डोकं होतं त्याचं. अगंध आल्यापासनं या गावात विषाची बाटली नाही. खांब बंद पडले तर पतंग परत येईल, अन् बाटली परत येईल. वास न आल्यानं काय अडतं माणसाचं?”

“माझ्या आईचं अडलं.”

“एक बाई गेली पोरी. वाईट झालं. तिच्यापायी गाव घालवायचं का?”

ऋजुताला उत्तर सुचलं होतं. ते तिनं दातांआड ठेवलं. तात्यांना तिनं आजवर इतकंही उलट उत्तर दिलं नव्हतं.

“धुकं बदलता येईल,” ती एवढंच म्हणाली. “रेणू तोच ठेवून जस्त काढता येईल. मोहरी परत लावता येईल. कुणी विचारायला तर हवं ना त्यांना?”

“अन् तवर?”

तात्या उठून गेले. पुढचे दिवस ते तिच्या दारावरून जाताना दुसरीकडे बघत.

*

चौकशी ग्रामपंचायतीच्या सभागृहात झाली. बाहेरून आलेल्या चौकशी अधिकारी निगुडकरबाई गाडीतून उतरल्यापासून नाकाला रुमाल धरून होत्या. सभागृहातच खिडकीखाली, व्यापाऱ्यानं नाकारलेल्या कोबीनं भरलेल्या प्लास्टिकच्या जाळ्या रचून ठेवल्या होत्या. त्यांतून तपकिरी पाणी गळत होतं. गावातल्या कुणाला त्या हलवाव्याशा वाटल्या नव्हत्या.

चिटणीसनं अहवाल वाचला. स्वर अदबीचा होता. मंदाकाकूंच्या हातची भाकरी त्यानंही खाल्ली होती, आणि ते तो विसरला नसावा. वाचताना तो एकदाही ऋजुताकडे पाहत नव्हता.

“परिसरात कोबी सडण्याचे प्रमाण वाढलेले होते,” तो वाचू लागला. “सडक्या कोबीचा वास आणि गॅसचा वास यांत साम्य असल्यामुळे मृत महिलेचा गैरसमज झाला. गळतीचा वास शेतातून येत आहे असे समजून दुर्लक्ष केले गेले.”

सभागृहात कुजबुज झाली. सोयीचं होतं. त्यात कुणाचंच नाक जात नव्हतं, फक्त म्हातारीची अक्कल जात होती.

ऋजुता उठली. “एक विचारू?”

“विचारा,” रुमालामागून निगुडकरबाई म्हणाल्या.

“चिटणीस, तुम्ही इथं किती दिवस राहताय?”

“पहिल्या हंगामापासून. मी आता बोरदऱ्याचाच झालोय.” तो कसंनुसं हसला.

“सडक्या कोबीचा वास तुम्हाला ठाऊक आहे?”

“अर्थात. माझं शिक्षणच त्यातलं आहे. फार उग्र असतो. माणूस चुकूच शकत नाही.”

“आत्ता येतोय?”

“आत्ता? नाही. आत्ता इथं कुठे—”

तो थांबला. निगुडकरबाईंनी खिडकीकडे पाहिलं, जाळ्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. सकाळपासून त्यांचा रुमाल नाकावरून हलला नव्हता. त्याच खिडकीला टेकून चिटणीस तासभर उभा होता. त्याच्या बुटाजवळ तपकिरी ओघळ येऊन पोचला होता.

त्यानं खाली पाहिलं. मग वाकून, सगळ्यांसमोर, एक गड्डा उचलला आणि नाकाशी नेला. बोटांतून चिखल गळला. त्यानं पुन्हा हुंगला. आणखी जवळ नेला. त्या तरुणाच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहूनही ऋजुताचा राग तसूभर उतरला नाही. तो विश्वासानं फसला होता. तिची आई तर भाजून मेली होती.

“मला... सर्दी आहे,” चिटणीस म्हणाला.

मागच्या रांगेतून वैशालीचा आवाज आला. “आम्हालापण तीच सर्दी आहे, साहेब. गेल्या तीन हंगामांची.”

मग एक बाई उठली, मग दुसरी. दूध नासलेलं कळत नाही. नवरा पिऊन आलेला कळत नाही. “ते एक बरंच झालं म्हणा,” तिसरी म्हणाली आणि हशा उसळला, आणि त्या हशातच कुणीतरी हुंदका दिला. बबनतात्या भिंतीकडे तोंड करून बसले होते.

निगुडकरबाईंनी माणसं शांत केली. त्या भल्या होत्या. नियमात बसेल तेवढं त्यांनी केलं: दुर्लक्षाचा शेरा काढायचा, धुक्याची तपासणी व्हायची, तोवर खांब बंद. त्यांनी लेखनिकाला सांगायला सुरुवात केली. “लिहा. वासाची जाणीव न झाल्यामुळे भडका होऊन श्रीमती मंदाकिनी डुंबरे यांचे दुःखद निधन झाले.”

बबनतात्या उठून ऋजुताजवळ आले. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “झालं ना पोरी मनासारखं? त्यांनी मान्य केलं. आता मिटव.”

“बाई,” ऋजुता म्हणाली, “‘निधन झाले’ नको.”

लेखनिकानं पेन थांबवलं. त्याला वाटलं, शिकलेल्या बाई आहेत, शब्द पसंत नसेल. “मग काय घालू, मॅडम? देहावसान? स्वर्गवास?”

“नको.”

ती उभी होती. आवाज चढला होता. तो तिचा तिलाच अनोळखी वाटला.

“भेटायला आलेल्या प्रत्येकाला मी सांगितलं, आई गेली. रीत आहे म्हणून. पण गेली म्हणजे काय? माणूस जातो आपल्या पायानं. डाळ करपली, नाक गेलं, दुर्लक्ष केलं गेलं, निधन झालं. सगळं आपोआप! इतक्या वाक्यांत करणारा कुणीच नाही? मी पोरांचे पेपर तपासते, असं वाक्य मी लाल शाईनं खोडते.”

“ऋजू,” तात्या म्हणाले.

“नाही तात्या. आज मी मिटवणार नाही.” ती लेखनिकाकडे वळली. “लिहा. माझी आई गेली नाही. माझ्या आईला मारलं. तीन हंगाम आमच्या माणसांच्या छातीत धुकं सोडलं आणि एकदासुद्धा कुणी दारात येऊन विचारलं नाही, की बाई, वास येतो का. ज्या कंपनीनं विचारलं नाही, तिचं नाव आधी लिहा. पूर्ण लिहा. त्याला कर्त्याचा ‘ने’ लावा. आणि मग लिहा, मारलं.”